कॉर्सिकाची निळी कोलंबाईन दोन-तीन वर्षांनी जांभळी होते, काय करायचं?

जून आला की हा प्रश्न ठरलेलाच. इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, कुठून कुठून आपली माणसं विचारतात आणि शब्द सुद्धा जवळजवळ तेच असतात: ॲक्विलेजिया (म्हणजे कोलंबाईन) बर्नार्डीचं बी मागवलं होतं, भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटाच्या डोंगरातली ती रानटी कोलंबाईन, पहिल्यांदा फुलली तेव्हा काय सुंदर फिकट निळी मोठ्ठी फुलं होती, आणि आता त्याच जागी त्याच वाफ्यात गडद जांभळी, आखूड, मध्येच एखादी मळकट गुलाबी. झाडाने रंग बदलला का, माती बदलली म्हणून का, हायड्रेंजियाच्या फुलांचा रंग मातीने बदलतो तसं काही आहे का, खत जास्त झालं का.

आधी सरळ उत्तर देते. कोलंबाईन रंग बदलत नाही. मातीने नाही, खताने नाही, पाण्याने नाही. उन्हात फूल थोडं फिकं पडेल इतकंच. तुमचं जे मूळ झाड होतं ते बहुतेक गेलंय आणि आता जे फुलतंय ते त्याचं बी पडून उगवलेलं रोप आहे, ज्याचा बाप शेजारच्या बागेतली साधी जांभळी कोलंबाईन आहे. हिवाळ्यात सगळंच जमिनीत जातं, वसंतात त्याच जागी पानं वर येतात, म्हणून आपल्याला वाटतं तेच झाड परत आलं. पानं दिसायला सारखीच, मग कळणार कसं.

हे एकदा लक्षात आलं की पुढचा इलाज आपोआप समजतो. कोलंबाईन ही कायम टिकणारी गोष्ट नाहीच, तीन-चार वर्षं, फार तर पाच. गुलाबासारखं एकदा लावलं की वीस वर्षं बघायला नको असं इथे होत नाही. शुद्ध बर्नार्डी बागेत ठेवायची असेल तर तिचं शुद्ध बी दर वर्ष-दोन वर्षांनी आपण स्वतः धरायचं आणि स्वतः पेरायचं, बाकी सगळे उपाय ह्याच्या भोवतीचे आहेत.

आता ही भेसळ का होते ते थोडं नीट सांगते कारण बरेच जण म्हणतात की "आमच्याकडे दुसरी कोलंबाईन नाहीच". कोलंबाईनच्या जगभरात साठ-सत्तर जाती आहेत आणि त्या उत्क्रांतीच्या हिशोबाने एकमेकींपासून अगदी अलीकडे वेगळ्या झाल्यात, जवळजवळ सगळ्यांचे क्रोमोसोम 14, आणि कुठलीही दोन झाडं शेजारी लावली की बऱ्याचदा त्यांचं जमतं आणि होणारी पिल्लं पण चांगली सुपीक असतात. निसर्गात त्या वेगळ्या राहतात त्या मुख्यतः डोंगर, दरी, समुद्र, उंची आणि कुठला किडा फुलावर येतो ह्यामुळे. कॉर्सिकाच्या वरच्या कपारीत बर्नार्डी राहते तिथे तिला बाकी गर्दी नाही. बागेत आपण ती भिंत काढून टाकतो. युरोपात कोलंबाईनवर मुख्यतः भुंगे येतात, ते जाड केसाळ बंबलबी, आणि ते काय तुमच्या कुंपणापाशी थांबत नाहीत, शेकडो मीटर लांब जातात. म्हणजे गल्लीत कुणाच्याही अंगणात ॲक्विलेजिया व्हल्गॅरिस, म्हणजे ती साधी जांभळी कोलंबाईन असली, आणि इंग्लंडमध्ये तर ती दर तिसऱ्या घरात फुटपाथच्या फटीत पण असते, की तुमच्या फुलात तिचा पराग आलाच समजा.

म्हणून "लांब लावा" हा सल्ला जो सगळीकडे मिळतो तो मला पटत नाही. शंभर एकराचं शेत असेल तर ठीक आहे. घरामागच्या बागेत अंतर ठेवून काही होत नाही, फूल झाकावं लागतं.

त्याआधी एक शंका मिटवून घ्या, तुमच्याकडे मुळात बर्नार्डी होती का? पहिल्याच वर्षीची पहिलीच फुलं जर गडद जांभळी आणि फुलाच्या मागची शेपटं (पाकळ्यांची मागे निघालेली पोकळ टोकं) हुकासारखी आत गच्च वळलेली आली असतील तर भेसळ तुमच्या बागेत झालेलीच नाही, पाकिटातच होती. खरी बर्नार्डी फिकट निळी, फूल चांगलं मोठं, आणि मागची शेपटं बारीक, सरळ किंवा टोकाशी जराशी वळलेली. व्हल्गॅरिसची शेपटं आखूड जाड आणि गोल वळून आत जातात, शेजारी शेजारी धरली की लगेच दिसतं. बी ज्यांच्याकडून घेता त्यांना एक प्रश्न विचारायचा: हे बी रानातून रीतसर परवानगीने गोळा केलेल्या मूळ साठ्यातलं आहे, का हाताने पराग टाकून घेतलंय, का बागेत उघड्यावर फुललेल्या झाडाचं आहे? उघड्यावरचं असेल आणि त्या बागेत आणखी पाच प्रकारच्या कोलंबाईन असतील तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, आत लॉटरी आहे. मला एका ठिकाणाहून आलेल्या पाकिटातून चक्क डबल गुलाबी फुलं आलेली आहेत. देणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, झाडावरची पाटी जुनीच राहते आणि खालचं झाड कधीच बदललेलं असतं, जे तुमच्या वाफ्यात झालं तेच तिकडे झालेलं असतं.

आता फूल झाकायचं कसं. लग्नात बांगड्या नाहीतर अत्तर घालून देतात त्या जाळीच्या छोट्या पिशव्या असतात ना, ऑर्गंझाच्या, दोरी ओढून बंद होणाऱ्या, त्या एकदम बेस्ट. प्लास्टिक नको, आत घाम धरतो आणि कळी सडते. कळी खाली मान घालून असते, रंग भरायला लागलेला असतो पण पाकळ्या अजून मिटलेल्या, त्याच वेळी पिशवी चढवायची. उघडलेल्या फुलावर चढवून काही उपयोग नाही, भुंगा सकाळीच येऊन गेलेला असतो. एक अख्खी फांदी झाकता येते पण मग आधी त्या फांदीवरची उघडलेली फुलं खुडून टाका. फूल उमललं की आधी पिवळे परागकोश फुटतात, आणि मधले पाच-सहा बारीक दांडे, म्हणजे मादी भाग, ते थोडे दिवसांनी बाहेर येऊन तयार होतात, म्हणून एकाच दिवशी ब्रश फिरवून मोकळं व्हायचं नाही. रंगकामाचा शून्य नंबरचा मऊ ब्रश घ्या, ताज्या फुलाचा पराग उचला, आणि दोन-तीन दिवस जुन्या फुलाच्या मधल्या टोकांवर टेकवा, परत पिशवी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुमच्याकडे एकच झाड असेल तरी चालतं, कोलंबाईन स्वतःच्या परागाने पण बी धरते, पण दोन-तीन खात्रीची झाडं असतील तर त्यांच्यात आपसात करा, रोपं जास्त दमदार येतात असा माझा अनुभव आहे. पाकळ्या गळल्या की पिशवी काढली तरी चालेल पण मी ठेवते, कारण शेंगा पिकल्या की वरून तोंड उघडतं आणि वाऱ्याने हललं की बी सांडतं, ते मग पिशवीतच पडतं. फांदीला रंगीत लोकर बांधून ठेवा, नाहीतर जुलैमध्ये कुठली शेंग झाकलेली होती आणि कुठली उघडी ते काही आठवत नाही.

पिकलेली शेंग तपकिरी कोरडी, बी काळं चकचकीत, साधारण दोन मिलिमीटर. तपकिरी बी असेल तर कच्चं आहे.

आणि इथून दुसरा प्रश्न सुरू होतो जो पहिल्याइतकाच वेळा येतो, बी उगवतच नाही. लोक सगळं करतात, पिशव्या बांधतात, बी धरतात, आणि मार्चमध्ये कुंडी रिकामी. मग कंटाळून पुन्हा पाकीट मागवतात आणि पुन्हा जांभळं.

बी का उगवत नाही त्याचं कारण बियाच्या आत आहे. कोलंबाईनचं बी झाडावरून पडतं तेव्हा आतला गर्भ अगदी इवलासा असतो, बाकी सगळा साठवलेला पांढरा गर. आधी त्या गर्भाला बियाच्या आतल्या आत वाढावं लागतं, मगच मूळ बाहेर येतं, आणि ती वाढ सुरू व्हायला पण ऋतूंची एक रांग लागते. कॉर्सिकाच्या शेजारचं बेट सार्डिनिया, तिथल्या बार्बारिचीना ह्या पांढऱ्या कोलंबाईनवर तिथल्याच काल्यारी शहरातल्या संशोधकांनी काम केलंय, त्यात दिसलं की आधी ओलसर उबदार काळ आणि मग ओलसर थंड काळ दिल्यावर गर्भ वाढतो, आणि जिब्रेलिक ॲसिड (बी उगवायला लावणारं वाढीचं संप्रेरक) दिलं तर तेच काम पटकन होतं. डोंगरावर हेच तर होतं, बी उन्हाळ्यात पडतं, शरद ऋतू उबदार ओला, मग बर्फ, मग वसंत. बर्नार्डीला पण मी हीच रांग देते आणि चांगलं उगवतं.

त्यामुळे सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ताजं बी. जुलै-ऑगस्टमध्ये पिकलं की त्याच आठवड्यात कुंडीत पेरायचं आणि कुंडी बाहेर उत्तरेच्या भिंतीशी ठेवून द्यायची. माती साधी पण निचऱ्याची, निम्मी जाड रेती किंवा बारीक ग्रिट, म्हणजे खडीचा चुरा. बी वर पसरायचं, दाबायचं, आणि वर ग्रिटचा अगदी पातळ थर, प्रकाश पोचला पाहिजे. खोल पुरलं की संपलं. मांजर आणि पक्षी उकरतात म्हणून वर जाळी. मग पाऊस, थंडी, बर्फ सगळं तिच्यावरून जाऊ दे, आपण काही करायचं नाही, फक्त कोरडी पडू द्यायची नाही. मार्च-एप्रिलमध्ये दोन छोटी गोल पानं येतात, त्यानंतरचं पान तीन भागांचं, ते दिसलं की कोलंबाईन नक्की, गवत नाही.

पाकीट जानेवारीत आलं असेल तर ही रांग घरात लावावी लागते आणि इथे सगळा घोळ होतो. सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे कोरडं पाकीट तसंच फ्रिजमध्ये ठेवणं. दोन महिने ठेवलं होतं तरी उगवलं नाही म्हणतात. कोरड्या बियाला थंडी कळतच नाही, ते नुसतं साठवणं झालं. बी आधी ओलं व्हायला हवं. झिपच्या छोट्या पिशवीत ओलसर वाळू किंवा व्हर्मिक्युलाईट घ्या, मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये, त्यात बी मिसळा, तीन-चार आठवडे घरातल्या साध्या उबेत, वीसच्या आसपास, आणि मग फ्रिजच्या खालच्या भागात आठ आठवडे, दोन ते पाच डिग्री. फ्रीजर नाही. आठवड्याला एकदा पिशवी उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर बी धुवून नवीन वाळूत. मग कुंडीत पसरून पंधरा-सोळा डिग्रीला बाहेर. हीटिंग मॅटवर ठेवू नका, टोमॅटो-मिरचीच्या बरोबर लावायचा मोह होतो पण पंचवीसच्या वर ही बहुतेक परत झोपी जाते. जिब्रेलिक ॲसिड ज्यांना वापरायचंय त्यांनी वापरा, मी शक्यतो टाळते, जास्त झालं की रोपं लांबट पिवळी येतात आणि कोलमडतात.

आणि कुंडी फेकू नका. पहिल्या वसंतात दोनच आली तरी ठेवा, उरलेली पुढच्या वसंतात येतात, हे रानटी जातींमध्ये नेहमीचं आहे.

आता मूळ झाड इतक्या लवकर का मरतं ते बघू, कारण ते चार वर्षं टिकलं तरी अर्धा प्रश्न सुटतो. इथे कॉर्सिका डोळ्यासमोर आणायला हवं. फोटोत निळा समुद्र आणि बीच दिसतात, पण बेटाच्या मधोमध उभे डोंगर आहेत, मोंते चिंतो 2706 मीटर, आपलं कळसूबाई 1646, म्हणजे अंदाज करा. वरच्या भागात बर्फ उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राहतं. बर्नार्डी तिथे वर सावलीतल्या कपारींमध्ये, खडकांच्या पायथ्याशी आणि बुटक्या आल्डरच्या झुडपांत असते, जिथे दगडाच्या फटीतून गार पाणी झिरपत असतं पण साचत कधीच नाही. मूळ लांब खोल जातं, डोकं हवेशीर, पाय गार. आपण काय करतो तर चिकणमातीच्या सपाट वाफ्यात कंपोस्ट भरभरून घालून लावतो. उन्हाळ्यात मस्त वाढते, पानं हातभर, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सतत ओल राहिली की बुडखा सडतो. थंडीने नाही मरत ती, ओलीने मरते.

म्हणून खत कमी, ग्रिट जास्त, जागा उतारावरची किंवा उंच केलेली, दुपारनंतर सावली. बुडख्याभोवती दोन बोटं जाड बारीक खडी टाका म्हणजे मानेशी पाणी थांबत नाही. रोप लहान असतानाच, तीन-चार पानांवर, कायमच्या जागी हलवा, मोठं झाल्यावर उपटून दुसरीकडे लावलेली कोलंबाईन क्वचितच धड होते कारण ते लांब मूळ तुटतं. दोन भाग करून वाढवायचा विचार पण सोडून द्या. कुंडीत ठेवायची असेल तर खोल कुंडी, पसरट नको.

कीड-रोगाचं थोडक्यात. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे लीफ मायनर, दिसायला वाईट पण झाड मरत नाही, ती पानं खुडून टाका. उन्हाळ्याच्या शेवटी पांढरी पावडर म्हणजे भुरी, फुलं संपल्यावर सगळी पानं जमिनीलगत कापा, नवीन स्वच्छ पानं येतात (झाकलेल्या शेंगांची फांदी तेवढी सोडून). एप्रिल-मे मध्ये रातोरात पानांच्या नुसत्या काड्या उरल्या तर हिरव्या सॉफ्लायच्या अळ्या आहेत, पानाच्या कडेला चिकटलेल्या असतात, हाताने वेचा. एक मात्र गंभीर आहे, डाउनी मिल्ड्यू, ब्रिटनमध्ये 2013 ला पहिल्यांदा दिसला, पानावर शिरांच्या मध्ये चौकोनी पिवळे डाग आणि खालून पांढरट लव, मग जांभळट तपकिरी होऊन पान जातं. असं दिसलं तर झाड मुळासकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्या जागी परत कोलंबाईन लावू नका.

वाफा आधीच मिसळलेला असेल तर काय? पानांवरून वेगळं करायचा प्रयत्न करू नका, वेळ जातो. जूनमध्ये फुलं उमलली की रोज सकाळी एक फेरी, फिकट निळी आणि सरळ शेपटाची जी वाटतात त्यांना लोकर बांधा, बाकी सगळी मुळासकट काढा, किंवा आवडत असतील तर बागेच्या दुसऱ्या टोकाला ठेवा पण बी धरू देऊ नका, फुलं सुकली की लगेच कापा. आणि खरं सांगायचं तर लोकर बांधलेल्यांपैकी पण काही संकरितच असणार, पहिल्या पिढीत कधी कधी आईसारखं दिसतं आणि पुढच्या पिढीत जांभळं बाहेर पडतं. त्यामुळे वाफा फारच मिसळला असेल तर मी तरी म्हणेन तो सोडून द्या आणि खात्रीच्या बियापासून कुंडीत नव्याने सुरू करा.

कुणी म्हणेल जांभळी तर जांभळी, फूल छानच आहे की. बागेपुरतं ठीक आहे, मला पण व्हल्गॅरिस आवडते. पण ह्या बेटांवरच्या जाती किती थोड्या उरल्यात ते कळलं की पाटीवर चुकीचं नाव लावून बी वाटायला मन धजत नाही. सार्डिनियात गोर्रोपूची घळ आहे, चुनखडीचे उभे कडे, तिथे न्युराजिका नावाची कोलंबाईन आहे, आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने भूमध्य बेटांवरच्या सगळ्यात धोक्यातल्या 50 वनस्पतींची यादी केली त्यात ती आहे, आणि तिथे तिची नोंद दहा ते पंधरा झाडं अशी आहे. अख्ख्या जगात. बार्बारिचीना पण त्याच यादीत. बर्नार्डीची अवस्था इतकी वाईट नाही, पण तीही कॉर्सिका सोडून जगात कुठेच रानात नाही. बागेत वाढवणाऱ्यांनी बी खरं ठेवलं तर निदान बागेच्या हौसेपायी डोंगरावर हात घालायची कुणाला गरज पडत नाही. आणि जे तिकडे ट्रेकला जातात, जीआर ट्वेंटी ह्या कॉर्सिकाच्या डोंगरातल्या लांब ट्रेकला आता आपली बरीच मंडळी जातात, त्यांना हात जोडून सांगणं, फोटो काढा, एकही शेंग खिशात घालू नका.

पुण्या-मुंबईहून पण विचारणा होते म्हणून तेही लिहिते. फ्रिजमध्ये वरची रांग लावून बी उगवेल, नाही असं नाही, पण एप्रिल-मेच्या गरमीत रोप टिकत नाही, आणि महाबळेश्वरला गारवा असला तरी तिथल्या पावसात बुडखा सडणार. त्यात पैसे घालू नका. कोलंबाईन बघायचीच असेल तर पश्चिम हिमालयात आपल्याच देशात रानटी जाती आहेत, प्यूबिफ्लोरा, फ्रॅग्रन्स, काश्मीर-हिमाचलच्या ट्रेकला जुलैमध्ये गेलात तर भेटतात. आणि सह्याद्रीत पावसाळा सरताना डोंगरउतारावर निळवंती फुलते ना, मागे शेपूट असलेली निळी फुलं, ती ह्याच कुळातली, तिला तिच्या जागीच बघा. हिमाचल-उत्तराखंडात दोन हजार मीटरच्या आसपास राहणाऱ्यांना मात्र बर्नार्डी जमू शकते, फक्त पावसाळ्यात कुंडीवर काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर हवं, बाजूने हवा खेळती.

घरात लहान मुलं असतील तर एक लक्षात ठेवा, बी आणि मुळं विषारी असतात, काळं चकचकीत बी मुलांना तोंडात घालावंसं वाटतं, म्हणून पिशव्या उतरवल्या की लगेच डबीत बंद करा आणि वर नाव, वर्ष आणि "झाकून धरलेलं" असं लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाला देताना पण ह्या तिन्ही गोष्टी पाकिटावर लिहाच, घेणाऱ्याला तेच हवं असतं.